आकृतीचं डोकं मोठं, पाय आखूड आणि स्टाईल बदलली की सगळंच बिघडतं: नेमकी चूक कुठे आहे ते कसं शोधायचं

हा प्रॉब्लेम फिगर ड्रॉइंग शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला येतो आणि एकदा सुटला असं वाटलं तरी परत येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. लक्षणं साधारण अशी असतात. चेहरा मन लावून काढला, छान आला, खांदे आले, कंबर आली आणि गुडघ्यापर्यंत येईतो कागद संपला, मग पोटऱ्या आणि पावलं उरलेल्या जागेत कशीतरी बसवली. किंवा उभा माणूस व्यवस्थित जमतो पण तोच खुर्चीवर बसवला की बाहुलीसारखा दिसतो. किंवा रिअलिस्टिक जमतं पण मांगा म्हणजे जपानी कॉमिकच्या स्टाईलला हात घातला की नुसता मोठ्या डोळ्यांचा नेहमीचा माणूस दिसतो, आणि चिबी, म्हणजे मोठ्या डोक्याचं इवलंसं कार्टून पात्र, काढायला गेलं की गोंडस कॅरेक्टरऐवजी बुटका प्रौढ माणूस तयार होतो.

सल्ला सगळीकडे एकच मिळतो, साडेसात डोकी मोजा, म्हणजे पूर्ण उंचीत डोक्याची उंची साडेसात वेळा बसवा. सल्ला खरा आहे पण अर्धाच आहे. डोकी मोजून झाली तरी आकृती चुकू शकते, कारण डोकी मोजल्यावर फक्त डोकं लहान की मोठं एवढंच कळतं, धड आणि पाय यांचं आपसातलं नातं त्यातून कळत नाही. ते नातं कळतं आकृतीचा मध्य शरीराच्या कुठल्या भागावर येतो त्यावरून. माझं स्पष्ट मत आहे की कुठलीही स्टाईल पकडायची असेल तर दोन गोष्टी लागतात, किती डोकी आणि मध्य कुठे, आणि यातली दुसरी जास्त महत्त्वाची.

आधी बिघडलेलं चित्र तपासा

चित्र फाडू नका, खोडरबरही बाजूला ठेवा. वहीच्या कागदाची एक लांब पट्टी कापा. टाळूपासून हनुवटीपर्यंतचं अंतर पट्टीवर खूण करून घ्या. टाळू म्हणजे कवटीचा माथा, केसांचा फुगा त्यात धरायचा नाही, अंबाडा नाही, फेटा किंवा पागोटं तर अजिबात नाही. फेट्यासकट मोजलं की डोकं विनाकारण मोठं निघतं आणि मग पायांना दोष दिला जातो. आता हे माप खाली खाली टाकत तळपायापर्यंत या आणि आकडा चित्राच्या कोपऱ्यात लिहा. मग आकृतीच्या पूर्ण उंचीएवढी दुसरी पट्टी घ्या, बरोबर मधोमध दुमडा आणि घडी शरीरावर कुठे येते ते बघा. तेही लिहा.

हे दोन मिनिटांचं काम आहे पण त्यातून निदान एकदम स्वच्छ होतं. समजा प्रौढ माणूस काढलाय, डोकी सहाच भरली आणि घडी पोटावर आली. याचा अर्थ पाय खरोखर आखूड आहेत, खालचा भाग वाढवायलाच लागणार. पण डोकी सहा आणि घडी बरोबर जांघेवर, म्हणजे दोन्ही पाय धडाला मिळतात तिथे, आली असेल तर पायांना हात लावायचा नाही, धड आणि पाय आपसात ठीक आहेत, फक्त डोकं मोठं झालंय, तेवढं लहान करा आणि मान नीट बसवा. वरवर बघता दोन्ही चित्रं सारखीच चुकलेली वाटतात, "डोकं मोठं दिसतंय" असंच कुणीही म्हणेल, पण दुरुस्ती पूर्ण वेगळी आहे. चुकीच्या जागी दुरुस्ती होत राहते म्हणूनच ही चूक जात नाही.

घडी पोटावर येतेय म्हणजे पाय आखूड पडतायत, असं का होतं

पहिलं कारण सगळ्यांना माहीत आहे, वरून सुरुवात करून खाली येत जाणं. उपाय म्हणजे पहिली रेष चेहऱ्याची नाही. आधी माथ्याची आडवी खूण, मग तळपायाची आडवी खूण, मग मधली. या तीन खुणा कागदावर येईपर्यंत अंडाकृतीसुद्धा काढायची नाही. ड्रॉइंग ग्रेडच्या स्मरणचित्रात पाच-सहा माणसं काढायची असतात तेव्हा तर प्रत्येकाच्या या तीन खुणा आधी हलक्या हाताने मारून घ्या, नंतर कुणाचेही पाय कागदाबाहेर जात नाहीत.

दुसरं कारण फार कमी लोक सांगतात. कागद टेबलावर सपाट ठेवून आपण वाकून काढतो, तेव्हा कागदाचा वरचा भाग डोळ्यापासून लांब असतो आणि तिरका दिसतो, म्हणून तिथलं सगळं आपल्याला प्रत्यक्षापेक्षा बसकं दिसतं, आणि ते नीट दिसावं म्हणून हात नकळत ते मोठं काढतो. चित्र उचलून भिंतीला लावलं की डोकं आणि छाती ताणलेली आणि पाय तोकडे. काढताना बरोबर होतं आणि लांबून बघितल्यावर बिघडलं असा अनुभव येत असेल तर हेच कारण आहे असं बिनदिक्कत समजा. ड्रॉइंग बोर्डाखाली दोन जाड पुस्तकं घालून बोर्ड तिरका करा, म्हणजे नजर कागदाला साधारण काटकोनात पडेल. उभं राहून काढायला जागा असेल तर आणखी चांगलं. वहीच्या मोठ्या पानावर काढणाऱ्यांनी तर हे कराच.

तिसरं कारण रेफरन्स फोटो, म्हणजे ज्यावरून आपण चित्र काढतो तो. मोबाईलचा कॅमेरा वाइड असतो आणि घरात जागा कमी म्हणून आपण जवळून फोटो काढतो. कॅमेरा चेहऱ्याच्या उंचीवर असला की डोकं कॅमेऱ्याच्या जवळ, पाय लांब, म्हणून फोटोतच डोकं मोठं आणि पाय लहान आलेले असतात. तुम्ही प्रामाणिकपणे फोटो उतरवता आणि चूक फोटोतून चित्रात येते. फोटो काढायचा तर मोबाईल समोरच्याच्या कंबरेच्या उंचीवर धरा, तिरका करू नका, आणि जमेल तितकं मागे जाऊन थोडा झूम करा. आणि हो, फोटोवरसुद्धा पट्टीची तपासणी करा, बिघडलेला फोटो लगेच ओळखू येतो.

घडी जांघेवर आहे तरी डोकं मोठं

इथे बहुतेक वेळा घोळ चेहऱ्यात असतो. डोळे डोक्याच्या बरोबर मध्यावर असतात, टाळूपासून डोळे आणि डोळ्यांपासून हनुवटी साधारण सारखं अंतर. शिकणारा माणूस डोळे वर, कपाळाच्या जागी काढतो कारण त्याला नाक, ओठ, डोळे यांतच रस असतो, कवटीत नाही. मग त्या मोठ्या चेहऱ्यावर कवटी चढवायला गेलं की डोकं अवाढव्य होतं, नाही चढवली तर माथा कापल्यासारखा दिसतो. म्हणजे डोक्याचं माप आधी ठरवून घ्यायचं आणि चेहरा त्यात बसवायचा.

रुंदीतही एक गोंधळ होतो. पुरुषाचे खांदे दोन डोकी रुंद, जरा जास्तच, असं म्हणतात तेव्हा डोक्याची उंची आडवी ठेवून मोजायचं असतं. डोक्याची समोरून दिसणारी रुंदी घेतली तर खांदे जवळजवळ तीन रुंद्या भरतात. दोन रुंद्या धरून काढलेले खांदे इतके अरुंद होतात की डोकं बरोबर असूनही मोठं वाटतं.

उभ्या माणसाच्या खुणा

आठ डोक्यांच्या आदर्श मापात हनुवटी एकावर, छातीची बोंडं दोनवर, बेंबी तीनवर, जांघ चारवर, गुडघ्याच्या जरा खालचा भाग सहावर, तळपाय आठवर. खरी माणसं सरासरी साडेसातच्या आसपास असतात, तिथे मध्य पावणेचार डोक्यांवर येतो, पण शरीरावर तो जांघेच्याच आसपास असतो. हात खाली सोडले की कोपर कंबरेच्या पातळीला, मनगट जांघेच्या पातळीला, बोटांची टोकं मांडीच्या मध्यावर. पाऊल हे कोपरापासून मनगटाएवढं लांब, आणि हात पसरले तर या टोकापासून त्या टोकापर्यंत जवळपास उंचीएवढे.

मनगटाची खूण आपल्याकडे फार कामाची आहे. नऊवारी असो नाहीतर धोतर, जांघ कापडात पूर्ण झाकलेली असते आणि मध्य सापडत नाही, मग सोग्याच्या आणि निऱ्यांच्या नादात पाय आखूड होऊन बसतात. अशा वेळी खाली सोडलेल्या हाताचं मनगट बघा, मध्य तिथेच आहे. आणि कपडे घालण्याआधी आतली आकृती हलक्या रेषेत पूर्ण काढा, नंतर पुसता येते.

लहान मुलं म्हणजे छोटी मोठी माणसं नव्हेत, ही चूक स्मरणचित्रात सर्रास दिसते. नवजात बाळ चार डोक्यांचं असतं आणि त्याचा मध्य बेंबीजवळ येतो. दोन वर्षांचं मूल साधारण पाच, सहा वर्षांचं सहा, बारा-पंधराच्या आसपास सात. वय वाढतं तसे पाय लांब होत जातात आणि मध्य बेंबीकडून जांघेकडे सरकतो. म्हणून मूल मुलासारखं दिसत नसेल तर नुसतं डोकं मोठं करून भागणार नाही, मध्य वर न्यावा लागतो.

आता स्टाईल बदलूया

हीच गोष्ट स्टाईलला लागू करा. फॅशन ड्रॉइंगमध्ये आकृती नऊ ते दहा डोक्यांची असते पण वाढवलेली लांबी सगळीकडे सारखी वाटलेली नसते, ती मुख्यतः पायांत जाते. धड जवळजवळ नेहमीचंच राहतं, त्यामुळे मध्य जांघेच्या खाली मांडीवर उतरतो. पूर्ण आकृती वरून खाली रबरासारखी ताणली तर ती फॅशनची आकृती न होता नुसता लांबलेला माणूस होतो, कॉम्प्युटरवर काढणारे इथे हमखास फसतात कारण ताणणं सोपं असतं.

अमेरिकन सुपरहिरो कॉमिकमधली आकृती साडेआठ-नऊ डोक्यांची, पण तिथे मध्य जांघेच्या आसपासच ठेवतात आणि खरा बदल रुंदीत करतात, छाती आणि खांदे रुंद, कंबर तुलनेने बारीक, डोकं लहान. म्हणजे नऊ हाच आकडा, पण एक आकृती रॅम्पवर चालणारी आणि एक इमारत उचलणारी.

मांगामध्ये एकच माप नाही, चित्रकारागणिक बदलतं, पण प्रौढ पात्रं बऱ्याचदा साडेसहा ते साडेसात डोक्यांची असतात आणि तरी सडपातळ, उंच वाटतात, कारण मध्य जांघेच्या जरा खाली असतो, मान बारीक, खांदे अरुंद. चेहऱ्यात डोळे मध्यरेषेच्या खाली येतात, कपाळ मोठं होतं. तुमचं मांगा पात्र "मोठ्या डोळ्यांचा नेहमीचा माणूस" दिसत असेल तर बहुतेक तुम्ही फक्त डोळे बदललेत, मान आणि खांदे रिअलिस्टिकच राहिलेत.

चिबीमध्ये दोन ते तीन डोकी. दोन डोक्यांच्या चिबीत मध्य थेट हनुवटीवर येतो, तीनच्या चिबीत धडाच्या मध्यावर. इथे सगळ्यात जास्त पाय कमी होतात, गुडघा, घोटा, कोपर हे सांधे जवळजवळ विरघळतात, मान नाहीशी होते. बुटका प्रौढ माणूस दिसतो तो या सांध्यांमुळे. गुडघ्याची वाटी आणि मनगटाचं हाड तसंच ठेवून चिबी होत नाही.

नवताल म्हणजे नऊ डोकी नव्हे

भारतीय शैलीत काढणाऱ्यांसाठी हे मुद्दाम वेगळं लिहितोय कारण इथे अडकलेले बरेच जण बघितलेत. शिल्पशास्त्रात मूर्तीची मापं तालात दिलेली असतात, एक ताल म्हणजे बारा अंगुळं. लोक नवताल, म्हणजे नऊ ताल, वाचतात आणि नऊ डोक्यांची आकृती काढतात, मग ती फॅशनच्या चित्रासारखी लांबडी दिसते आणि अजिंठ्याच्या किंवा जुन्या मूर्तींच्या जवळही जात नाही. कारण ताल हे चेहऱ्याचं माप आहे, केसांच्या रेषेपासून हनुवटीपर्यंत. टाळूपासूनचं पूर्ण डोकं नव्हे.

हिशेब ग्रंथागणिक थोडा बदलतो, पण १०८ अंगुळांचा एक नेहमीचा हिशेब बघा. माथ्यापासून केसांच्या रेषेपर्यंत ३, चेहरा १२, गळा ३, गळ्यापासून छाती १२, छातीपासून बेंबी १२, बेंबीपासून जांघ १२, मांडी २४, गुडघा ३, पोटरी २४, पाऊल ३. बेरीज १०८. आता यात पूर्ण डोकं म्हणजे ३ अधिक १२, पंधरा अंगुळं. १०८ ला पंधराने भागा, ७.२ येतं. म्हणजे नवताल आकृती सात डोक्यांच्या जरा वर आहे, साध्या माणसाच्या अगदी जवळ. आणि मध्य? माथ्यापासून जांघेपर्यंत ३, १२, ३, १२, १२, १२ म्हणजे ५४. बरोबर अर्धं. मला हा हिशेब फार आवडतो, इतक्या जुन्या परंपरेत मध्य इतक्या नेमकेपणाने जांघेवर बसवलाय.

मग ती आकृती दैवी कशामुळे वाटते? सडपातळ कंबर, रुंद छाती, सांध्यांची हाडं न दाखवता एका प्रवाहात गेलेले हात, लांबट डोळे. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी, म्हणजे हातात कमळ धरलेला बोधिसत्त्व, बघताना खांद्यापासून बोटांपर्यंत नजर कुठेही अडकत नाही, ते बघा. उंची ताणून तो परिणाम येत नाही.

चेहरा आणि डोकं यांचा हाच घोळ युरोपातल्या मापांतही होतो. रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियसने चेहरा उंचीचा दहावा भाग आणि डोकं आठवा भाग सांगितलंय, लिओनार्दोचं वर्तुळ-चौकोनातल्या माणसाचं प्रसिद्ध रेखाटन त्याच मापांवर आहे, म्हणजे दहा चेहरे आणि आठ डोकी एकाच आकृतीत. इजिप्तमध्ये उभ्या आकृतीला १८ चौकोनांची जाळी असायची पण ती तळपायापासून केसांच्या रेषेपर्यंतच. तेव्हा कुठल्याही परंपरेचा आकडा वाचला की पहिला प्रश्न, कुठून कुठपर्यंत मोजलाय?

गणपती काढताना पंचताल माप सांगतात ते याच चेहऱ्याच्या हिशेबाने, मुलासारखं ठेंगणं, भरीव शरीर. आणि वारली चित्रांना डोकी मोजण्याची पद्धत लावूच नका. दोन त्रिकोण टोकाला जोडलेले, जोडावर कंबर, वर छोटा गोल, रेषेचे हातपाय. तिथे वरचा आणि खालचा त्रिकोण एकमेकांकडे किती कलतो त्यावर सगळी हालचाल उभी असते, वारली बिघडली तर तोल तपासा, माप नाही.

उभा जमतो, बसलेला बिघडतो

बसल्यावर डोकी मोजायची पट्टी तशीच लावली की गोंधळ होतो, पण थोडे आकडे लक्षात ठेवले तर सोपं जातं. मांडी घालून जमिनीवर बसलेला माणूस साधारण चार डोक्यांचा, खुर्चीवर बसलेला जमिनीपासून सहाच्या जरा आत. पंगतीच्या चित्रात वाढणारा उभा आणि जेवणारे बसलेले असतात, तिथे जेवणारा वाढप्याच्या जांघेच्या जरा वरपर्यंत यायला हवा, पण बहुतेक चित्रांत जेवणारे एकतर बाहुल्यांएवढे असतात नाहीतर वाढप्याच्या छातीपर्यंत पोचतात.

गर्दीच्या चित्रात लांबची माणसं लहान मुलांसारखी दिसतात ही तक्रार मात्र प्रपोर्शनची नाहीच, ती क्षितिजरेषेची आहे. सपाट जमिनीवर तुम्हीही उभे आणि तीही उभी, तर जवळच्या आणि लांबच्या सगळ्या मोठ्या माणसांचे डोळे क्षितिजरेषेच्या आसपास येतात, लांब जाताना पावलं वर सरकतात. सगळ्यांची पावलं एका रेषेत ठेवून डोकी खाली आणली की लांबचा माणूस जवळचं मूल होतो.

आणि हात किंवा पाय तुमच्याकडे रोखलेला असेल तर डोक्याचं माप तिथे चालत नाही. पेन्सिल हातात धरा, कोपर सरळ, एक डोळा मिटा, आणि मांडी दिसते किती ते मोजा, असते किती ते विसरा. पुढे आलेली मांडी एखाद्या वेळेस अर्ध्या डोक्याएवढीच दिसते आणि ते काढायला हात तयार होत नाही, तिथे पेन्सिलीवर विश्वास ठेवायचा.

एक सराव

१५ सेंटीमीटर उंचीच्या तीन उभ्या पट्ट्या शेजारी शेजारी आखा आणि तिन्हींच्या मध्ये साडेसात सेंटीमीटरवर एकच आडवी रेष मारा. पहिल्या पट्टीत तीन डोक्यांची चिबी, डोकं ५ सेंटीमीटर. दुसरीत साडेसात डोक्यांचा साधा माणूस, डोकं २ सेंटीमीटर. तिसरीत नऊ डोक्यांची फॅशन आकृती, डोकं साधारण १.७ सेंटीमीटर. तिन्हींना एकच पोझ, एका पायावर भार देऊन उभी. मधली रेष पहिल्यात धडाच्या मध्यावर, दुसऱ्यात जांघेवर, तिसऱ्यात मांडीवर आली पाहिजे. चेहरे काढू नका. पोझ बदलत हे करत राहिलात की स्टाईल बदलताना नेमकं काय हलतं ते हाताला कळायला लागतं, आणि मग नवीन चित्रकाराची स्टाईल समोर आली तरी आधी पट्टी काढून मध्य शोधायची सवय लागते.

हातापायांचे पंजे शेवटी तपासा. पंजा मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत चेहऱ्याएवढा, आपल्या तालाचं मापही हेच आहे, हाताचा पंजा आणि चेहरा दोन्ही एक ताल. बहुतेक जण पंजे लहान काढतात, आकृती बरोबर असूनही अशक्त दिसते ती त्यामुळे. फॅशन आणि कॉमिक दोन्हीत हे नातं बऱ्यापैकी टिकतं, फक्त फॅशनमध्ये बोटं लांब आणि बारीक होतात. चिबीत मात्र ते पूर्ण तुटतं, तिथे पंजा चेहऱ्याएवढा काढला तर भयंकर दिसेल, म्हणून तिथे पंजा डोळ्याएवढा किंवा त्याहून जरा मोठा धरा आणि बोटं नुसती सुचवा.